रिअ‍ॅक्टरचा कॅटॅलिस्ट बदलायचाय? मॅनहोल उघडेपर्यंतची तयारी

शटडाऊनच्या (दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवतात त्या काळाच्या) यादीत ‘रिअ‍ॅक्टर कॅटॅलिस्ट बदल’ या ओळीपुढे माझं नाव लागलं तेव्हा मला नोकरीला जेमतेम चौदा महिने झाले होते. हातात एक जाडजूड फाइल पडली. लायसन्सरच्या, म्हणजे युनिटचं तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीच्या, सूचना, मागच्या शटडाऊनचे अहवाल, ड्रॉइंग्ज, सगळं तिच्यात होतं. सोमवारी सकाळी प्लँटवर गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं, एवढंच तिच्यात नव्हतं. त्यानंतर असे आणखी काही बदल पाहिले, काही चुका केल्या, काही इतरांच्या पाहिल्या. त्यातून जमलेलं हे टिपण. तुमची पहिलीच खेप असेल तर उपयोगी पडेल.

मी लिहितोय ते डिझेल हायड्रोट्रीटरबद्दल, म्हणजे रिफायनरीत हायड्रोजनच्या मदतीने डिझेलमधलं गंधक काढणाऱ्या युनिटबद्दल. एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुराचं बीएस-6 हे मानक लागू झालं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा 10 पीपीएमवर आली, तेव्हापासून या युनिटला श्वास घ्यायला उसंत नाही. आतला कॅटॅलिस्ट (ही क्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक) म्हणजे अ‍ॅल्युमिनावर बसवलेले कोबाल्ट-मोलिब्डेनम किंवा निकेल-मोलिब्डेनम. दिसायला शेवयांच्या तुकड्यांसारखा. तीन-चार वर्षांत त्यावर कोक आणि धातू साचतात, तापमान वाढवत न्यावं लागतं, बेडवरचा (कॅटॅलिस्टच्या थरावरचा) प्रेशर ड्रॉप, म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबातला फरक, चढतो आणि एक दिवस बदलायची वेळ येते. गंधकाम्लाच्या किंवा खताच्या प्लँटमधला कॅटॅलिस्ट वेगळा, त्याचे धोकेही वेगळे. तिथे हे टिपण जसंच्या तसं लावू नका. आणि हायड्रोट्रीटर असला तरी आकडे तुमच्या युनिटच्या मॅन्युअलमधलेच पाळा.

1. तारीख ठरवताना आभाळाकडे बघा

कोकणपट्टीत, मुंबईच्या बाजूला किंवा गोव्यात काम असेल तर जून ते सप्टेंबर विसरून जा. नवा अ‍ॅल्युमिना पाणी ओढून घेतो. ओला कॅटॅलिस्ट भरला तर गरम करताना पाण्याची वाफ होऊन दाणे फुटतात, चुरा होतो आणि पहिल्याच दिवशी प्रेशर ड्रॉप वाढलेला दिसतो. आमच्याकडे एकदा मे अखेरचं काम लांबत गेलं आणि वळवाच्या पहिल्या सरीत बारा ड्रम उघड्यावर सापडले. ताडपत्री होती, पण गोदामात. ते ड्रम बाजूला काढून तपासणीला पाठवावे लागले आणि लोडिंग दीड दिवस थांबलं.

कॅटॅलिस्टची ऑर्डर, कॅटॅलिस्ट हाताळणारा खास कॉन्ट्रॅक्टर आणि द्रव नायट्रोजनचे टँकर या तीन गोष्टी आधी पक्क्या करा. तिन्ही महिनोन्महिने आधी बुक कराव्या लागतात. एक लिटर द्रव नायट्रोजनपासून सुमारे 700 लिटर वायू मिळतो. हा हिशेब करताना फक्त रिअ‍ॅक्टरचं आकारमान धरू नका. हीट एक्स्चेंजर, फर्नेसच्या ट्यूब, सेपरेटर हे सगळं त्याच लूपमध्ये आहे. शिवाय कॅटॅलिस्ट उपसत असताना चोवीस तास नायट्रोजन सोडत राहावं लागतं. माल अर्धा बाहेर, अर्धा आत आणि टँकर घाटात अडकलेला, ही वेळ कुणावर येऊ नये.

2. कागद आणि सामान

ही यादी शटडाऊनच्या निदान महिनाभर आधी पूर्ण झालेली असावी:

- ब्लाइंड लिस्ट (ब्लाइंड म्हणजे लाइन पक्की बंद करायला फ्लँजमध्ये बसवायची लोखंडी चकती) आणि तिच्यासोबत ताजी, सही झालेली पीअँडआयडी ड्रॉइंग्ज, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या जोडण्यांचे नकाशे
- वर्क परमिट आणि बंदिस्त जागेत शिरण्याचं वेगळं परमिट. तेल उद्योगात यासाठी ओआयएसडी-एसटीडी-105 हे सुरक्षा मानक वापरतात.
- नव्या आणि वापरलेल्या, दोन्ही कॅटॅलिस्टची सेफ्टी डेटा शीट. वापरलेल्याची सहसा कुणी मागत नाही, आणि घातक तीच.
- लोडिंग डायग्रॅम: कोणत्या उंचीपर्यंत कोणते सेरॅमिक बॉल, कोणता कॅटॅलिस्ट, किती ड्रम
- बचाव योजना, माणसांच्या नावांसकट
- गॅस मीटरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, श्वासाच्या हवेच्या तपासणीचा अहवाल
- घातक कचऱ्याची परवानगी आणि माल नेणाऱ्या अधिकृत पुनर्वापर कंपनीशी झालेला करार

सामानात ऑक्सिजन मीटर माणशी एक धरा, एरियाला एक नको. रिअ‍ॅक्टरच्या आतले दिवे 24 व्होल्टच्या वर चालत नाहीत. कारखाना अधिनियमाच्या कलम 36-अ मधून आलेली ही मर्यादा बहुतेकांना तोंडपाठ असते, आणि तरी प्रत्येक शटडाऊनला कुणीतरी 230 व्होल्टचा हॅलोजन घेऊन वर चढतोच. बाकी न्युमॅटिक टूल्स, स्पार्क न करणारे पाने, नवी गॅस्केट्स, चेनपुली, रिकामे ड्रम. रिकामे ड्रम लागतील त्यापेक्षा दहा टक्के जास्त मागवा, कारण जुना माल सेरॅमिक बॉल आणि कोकसकट बाहेर येतो आणि जागा जास्त खातो.

3. ब्लाइंड लिस्ट पायांनी तपासा

व्हॉल्व्ह बंद आहे म्हणजे लाइन बंद आहे असं प्लँटवर कुणीही सांगितलं तरी मान हलवून पुढे चला. व्हॉल्व्ह पास होतात, म्हणजे बंद असूनही आतून गळतात. हायड्रोजनच्या सेवेत तर होतातच. मॅनहोल उघडायचा असेल तेव्हा रिअ‍ॅक्टरकडे येणाऱ्या प्रत्येक लाइनमध्ये लोखंडाची ब्लाइंड हवी, आणि तिचं रेटिंग त्या लाइनच्या दाबाला पुरणारं हवं. वर्कशॉपमध्ये पडलेला पातळ पत्रा गोल कापून आणला की ती ब्लाइंड होत नाही.

ब्लाइंड लिस्ट संगणकावर बसून केली तर ती नेहमी पूर्ण दिसते. ड्रॉइंग हातात घ्या, एका जुन्या फील्ड ऑपरेटरला सोबत घ्या आणि रिअ‍ॅक्टरच्या नोझलपासून उलट चालत जा. मोठ्या लाइन कुणी विसरत नाही. विसरतात त्या पाऊण आणि एक इंची: क्वेंच हायड्रोजन (बेड थंड ठेवायला मध्येच सोडतात तो), सॅम्पल पॉइंट, डीएमडीएस (नव्या कॅटॅलिस्टला गंधक देणारं रसायन) टाकायची लाइन, फ्लशिंग ऑइल, फ्लेअरकडे (वायू जाळायच्या चिमणीकडे) जाणारा ड्रेन. आमच्या यादीत 27 ब्लाइंड होत्या. चालताना अठ्ठाविसावी सापडली. मागच्या कुठल्याशा सुधारणेत हायड्रोजन हेडरवरून (मुख्य पाइपवरून) एक इंची जोडणी घेतली होती आणि ड्रॉइंगवर कुणी चढवलीच नव्हती. ती सापडली त्या ऑपरेटरमुळे. मी तिच्याखालून रोज जात होतो.

प्रत्येक ब्लाइंडला क्रमांक, टॅग, बसवणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. काढतानाही तसंच. फर्नेसच्या फ्युएल गॅस लाइनची ब्लाइंड याच यादीत घ्या. ती ‘फर्नेसवाल्यांची’ म्हणून वेगळ्या यादीत गेली की दोन याद्यांच्या फटीत पडते.

रिअ‍ॅक्टर नायट्रोजनखाली उघडायचा असेल तर नायट्रोजनची एक लाइन मुद्दाम चालू ठेवावी लागते. ही एकच, आणि तिच्यावर भलामोठा फलक. इतर सगळ्या नायट्रोजनच्या जोडण्यांना ब्लाइंड लावा किंवा होज काढून टाका.

4. आधी तेल काढा, मग थंड करा

फीड बंद झाल्यावर गरम हायड्रोजन कित्येक तास फिरवून दाण्यांत मुरलेलं तेल काढतात. याला हॉट स्ट्रिप म्हणा. उत्पादन विभागाला वाचवण्याजोगा वेळ दिसतो तो नेमका इथेच. आठ तासांऐवजी पाच केले तर काय बिघडलं? बिघडतं ते असं: तेलकट माल गुठळ्या धरतो, तळाच्या नोझलमधून वाहत नाही, मग माणसाला आत उतरून तो फोडावा लागतो. वर वाचवलेले तीन तास खाली एका माणसाच्या आयुष्याशी जोडलेले असतात. या मुद्द्यावर भांडा.

थंड करताना तीन गोष्टींवर नजर हवी.

पहिली, दाब. या रिअ‍ॅक्टरची क्रोम-मोली पोलादाची जाड भिंत वर्षानुवर्षं तापून अशी होते की थंड असताना ती ठिसूळ असते. म्हणून ठरावीक तापमानाच्या खाली जाण्याआधी दाब उतरवलेला असावा लागतो. तो आकडा तुमच्या युनिटच्या मॅन्युअलमध्ये आहे, पॅनलवर चिकटवून ठेवा. तापमान उतरवण्याचा तासाचा वेगही तिथेच दिलेला असतो.

दुसरी, कार्बन मोनॉक्साइड. कॅटॅलिस्टमध्ये निकेल असेल आणि फिरत्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असेल तर सुमारे 205 अंश सेल्सिअसच्या खाली निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतं. हे इतकं विषारी आहे की अमेरिकेत कामाच्या जागी त्याची मर्यादा 0.001 पीपीएम ठेवली आहे. म्हणून 205 च्या खाली जाण्याआधी वायूचा नमुना घेतात आणि कार्बन मोनॉक्साइड 10 पीपीएमच्या आत असल्याची खात्री करतात. लॅबला हे आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता केमिस्ट शोधत फिराल.

तिसरी, बेडचा मध्य. कॅटॅलिस्टमधून उष्णता सावकाश जाते. वायूचा प्रवाह एका बाजूने वाट काढत असेल तर आउटलेटचं तापमान छान खाली दिसतं आणि मध्ये कुठेतरी गरम कप्पा राहतो. आउटलेट बघून समाधान मानू नका, बेडमधला प्रत्येक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बघा. सगळे चाळीस अंशांच्या आसपास आल्याशिवाय फ्लँजच्या बोल्टला पाना लावायचा नाही, हा आमचा नियम होता.

5. नायट्रोजनने धुणं, आणि गुदमरलेला मीटर

नायट्रोजनचा दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. यालाच पर्ज म्हणतात. गणित सोपं आहे. गेजवर 3 बार, म्हणजे निरपेक्ष 4 बार भरून शून्यावर सोडलात की आतला ज्वलनशील वायू चौथाई उरतो. दुसऱ्या फेरीला सोळावा भाग. पाचव्या फेरीला 1,024 वा. पण हे वायू नीट मिसळला तरच. बंद टोकाच्या लाइन, लेव्हल गेज, खोलगट भागात साचलेलं तेल यांना हे गणित ठाऊक नसतं. प्रत्येक लो पॉइंट ड्रेन उघडून बघा.

पहिल्या खेपेला पर्ज संपल्यावर मी एलईएल मीटर (ज्वलनशील वायू मोजणारा) घेऊन व्हेंटवर, म्हणजे वायू बाहेर सोडायच्या तोंडाशी, गेलो. शून्य. दुसऱ्या व्हेंटवर गेलो. शून्य. मी खुशीत रजिस्टरमध्ये आकडा टाकायला लागलो तेव्हा आमचे शिफ्ट इन्चार्ज शांतपणे म्हणाले, “साहेब, मीटर गुदमरलाय तुमचा.”

नेहमीचा एलईएल मीटर आत शिरलेला वायू एका छोट्या मण्यावर जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन नाही, म्हणून ज्वलन नाही, म्हणून आकडा शून्य. आत निम्मा हायड्रोजन असता तरी शून्यच दिसला असता. नायट्रोजनमध्ये हायड्रोकार्बन मोजायला इन्फ्रारेड मीटर वापरा किंवा नमुना लॅबला द्या. हायड्रोजन मात्र इन्फ्रारेडलाही दिसत नाही, त्याला लॅबचा गॅस क्रोमॅटोग्राफच हवा.

6. नायट्रोजनपासून माणसं वाचवा

वापरलेला माल हवेत आला की पेटू शकतो. त्यातलं लोहाचं सल्फाइड हवेतल्या ऑक्सिजनशी आपसूक तापतं आणि सल्फर डायऑक्साइडचा धूर सुटतो. म्हणून आपण रिअ‍ॅक्टर नायट्रोजनने भरतो. नवख्यांच्या डोक्यात मग एवढंच राहतं की आग धोकादायक आणि नायट्रोजन सुरक्षित. आगीचा धूर दिसतो, वास येतो, माणूस पळतो. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि श्वास कोंडल्याची जाणीवही नाही. धाप लागते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. निव्वळ नायट्रोजनमध्ये माणूस कार्बन डायऑक्साइड बिनबोभाट बाहेर टाकत राहतो, आणि एक-दोन श्वासांत कोसळतो.

5 नोव्हेंबर 2005 ला अमेरिकेत, डेलावेअर सिटीच्या व्हॅलेरो रिफायनरीत हेच झालं. हायड्रोक्रॅकरच्या रिअ‍ॅक्टरचा कॅटॅलिस्ट बदलून झाला होता आणि नव्या मालाच्या रक्षणासाठी आत नायट्रोजन सोडलेला होता. कंत्राटी कामगार वरच्या मॅनवेवर (मॅनहोलवर) पाइप परत जोडायच्या तयारीत होते. आत चिकटपट्टीचं एक रीळ राहिलेलं दिसलं. एकजण ते तारेच्या आकड्याने काढायला गेला आणि आत गेला. त्याला काढायला त्याचा फोरमन उतरला. दोघांचाही जीव गेला. अपघातांचा तपास करणाऱ्या तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात दिसलं की परमिटवर नायट्रोजनच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं होतं आणि उघड्या तोंडापाशी नायट्रोजनचा इशारा नव्हता. याच बोर्डाने 1992 ते 2002 या काळातल्या अमेरिकेतल्या घटना आधीच मोजल्या होत्या: नायट्रोजनमुळे 80 मृत्यू.

त्यावरून आम्ही केलेल्या गोष्टी सांगतो. मॅनहोलभोवती कठडा, नुसती लाल फीत नाही, आणि फलक मराठी-हिंदीतून: ‘आत नायट्रोजन. वाकलात तरी मराल.’ सेफ्टी विभागाला ही भाषा जरा भडक वाटली होती, पण खलाशी (अवजड सामान हलवणारे कामगार) आणि हेल्पर ती वाचून थांबायचे. उघड्या तोंडाबाहेरही ऑक्सिजन कमी असतो, म्हणून कठड्याच्या आतल्या प्रत्येकाच्या खिशाला मीटर. हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन असतो, 19.5 च्या खाली अलार्म वाजला की मागे फिरायचं, मीटर झटकून बघत बसायचं नाही. खालच्या डंप नोझलपाशीही (माल बाहेर काढायच्या तोंडापाशी) तोच नियम. वर सगळं लक्ष असतं आणि खाली ड्रम भरणारी पोरं नोझलमधून आलेल्या नायट्रोजनमध्ये उभी असतात.

आणखी एक सापळा, जो ड्रॉइंग बघितल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट एअरचा (उपकरणं चालवणाऱ्या हवेचा) दाब पडला की आपोआप नायट्रोजन त्या हेडरमध्ये येतो. उपकरणांसाठी ते ठीक आहे. पण श्वासाचा मास्क कुणी प्लँटच्या एअर हेडरला जोडला असेल तर? श्वासाची हवा स्वतंत्र कॉम्प्रेसर किंवा सिलिंडरचीच, आणि तिच्या होजचं कपलिंग इतर कुठल्याच होजला बसणार नाही असं.

7. आत कोण जाणार

तुम्ही नाही. तुमचा फिटर नाही, इन्स्पेक्शनवाले नाहीत. नायट्रोजनमध्ये उतरायचं काम फक्त त्यासाठी प्रशिक्षण घेतलेल्या खास कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांचं. त्यांचं हेल्मेट डोक्यावर कुलूपबंद असतं म्हणजे आत गोंधळला तरी माणूस ते काढू शकत नाही. हवेचे दोन स्वतंत्र पुरवठे, पाठीवर छोटा राखीव सिलिंडर, रेडिओ, कॅमेरा. हे सगळं कॉन्ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात बघू नका, साइटवर आल्यावर जमिनीवर लावून चालवून बघा. मुख्य हवा बंद करा आणि राखीव लागते का ते डोळ्यांनी पाहा.

वर उभा राहणारा स्टँडबाय माणूस चहाला गेला तर आतला माणूस बाहेर. हा नियम पहिल्या दिवशी एकदा अमलात आणून दाखवा, मग पुन्हा सांगावा लागत नाही. बचावाचा सराव वजनदार पुतळा घेऊन, खऱ्या मॅनहोलच्या मापाच्या रिंगमधून करा. आमचा पहिला सराव फसला, कारण ट्रायपॉड प्लॅटफॉर्मच्या रेलिंगला अडत होता. बरं झालं तेव्हाच कळलं.

8. जुन्या मालाची सोय आधी

वापरलेला कॅटॅलिस्ट घातक कचरा आहे, 2016 च्या नियमांखाली. ड्रममध्ये भरताच वरून नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ टाकून झाकण बंद. ड्रम सावलीत, रांगांमध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडून ठेवा. पहिले काही तास हात लावून, नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटरने बघत राहा. एखादा ड्रम तापत असेल तर तो बाजूला काढता आला पाहिजे. साठवणुकीची मुदत 90 दिवस, आणि माल बाहेर जाताना फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारी नोंद, लागतो. मोलिब्डेनम आणि कोबाल्टला भाव असल्याने घेणारे पुष्कळ भेटतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी दाखवेल त्यालाच द्या.

स्टेनलेस स्टीलच्या आतल्या भागांबद्दल एकच ओळ: सल्फाइडचा थर, ओलावा आणि हवा एकत्र आले की पॉलिथायोनिक आम्ल होऊन तडे जातात, म्हणून एकतर नायट्रोजनखाली कोरडं ठेवा किंवा उघडण्याआधी सोडा अ‍ॅशच्या द्रावणाने धुवा. मेटलर्जीवाल्यांना आधी विचारा. आयत्या वेळी सोडा अ‍ॅश शोधायला कल्याणला माणूस पाठवलेला मी पाहिला आहे.

9. उघडायच्या सकाळी

सात वाजता सगळे रिअ‍ॅक्टरखाली. कॉन्ट्रॅक्टरची माणसं, ऑपरेशन, मेंटेनन्स, फायर, क्रेनवाला. कामाची भाषा हिंदी असते, पण कोण कुठल्या गावचा आहे ते विचारून घ्या. ओडिशातून कालच आलेला हेल्पर हिंदीत मान डोलावतो आणि त्याला काही कळलेलं नसतं. ‘आत काय आहे?’ हा एकच प्रश्न प्रत्येकाला वेगवेगळा विचारा. उत्तर ‘नायट्रोजन’ आलं नाही तर तो माणूस आज वर चढत नाही.

मग ब्लाइंड लिस्टवरच्या 28 टॅगना पुन्हा एकदा हात लावून या. बेडची तापमानं लिहा. वाऱ्याची दिशा बघा, परमिट ऑफिस त्या बाजूला नको. आत जाणाऱ्या प्रत्येक पान्याची, टॉर्चची, पेनाची नोंद करायला मॅनहोलपाशी एक वही आणि एक माणूस बसवा. बाहेर येताना तीच वस्तू टिक करायची. काही आत पडलंच तर वाकायचं नाही, वहीत लिहायचं आणि मला हाक मारायची, असं मी सांगून ठेवतो.

बोल्ट सगळे एकदम काढू नका. आधी एक सोडून एक सैल करा, फ्लँजच्या फटीतून दाब येतोय का ते ऐका, कव्हर किंचित उचला, सर्वांत दूरच्या बोल्टपासून सुरुवात करा आणि तोंड आपल्या बाजूला नको. मग चेनपुलीने कव्हर बाजूला, आणि लगेच तोंडावर ताडपत्री व जाळीचं झाकण.